प्रौढशिक्षण आणि मनाची शुश्रूषा

वेल्दी फिशर यांनी १९५३ साली अलाहाबादेस आरंभिलेले साक्षरतेचे कार्य १९५६ मध्ये लखनौस आले आणि साक्षरता निकेतन या नावाने स्थिरावले. तेथे अक्षरशिक्षणाला बाहुल्यांच्या खेळांची जोड मिळाली. या योजनेत एक मर्म होते. उतारवयात पाटी हाती घेणाऱ्या माणसाला अक्षरापेक्षा संकोचाचा अडसर मोठा वाटतो. बाहुलीच्या फजितीला हसताना तो अडसर नकळत सैल होतो.

पुढे या जाणिवेला शास्त्राचे रूप आले. मानसोपचारात रुग्णाचे म्हणणे समजून घेत, न्यायनिवाडा न करता ऐकावे, ही कार्ल रॉजर्स यांची भूमिका. १९६९ च्या ‘फ्रीडम टू लर्न’ या ग्रंथात त्यांनी ती शिक्षणाच्या संदर्भात विस्ताराने मांडली. फिशर यांनीच स्थापिलेल्या ‘वर्ल्ड एज्युकेशन’ने १९७७ मध्ये प्रकाशित केलेल्या लायरा श्रीनिवासन यांच्या पुस्तकातही शिकणाऱ्याच्या आत्मविकासाला महत्त्व आहे. शिक्षक आता ‘साहाय्यक’ झाला आणि ‘न्यूनगंड’, ‘आत्मसन्मान’ हे शब्द प्रशिक्षणवर्गांत रुळले.

यातला लाभ नाकारता येत नाही. प्रौढाला मूल समजण्याचा उद्धटपणा त्यामुळे ओसरला. परंतु ‘निरक्षरता निर्मूलन’ या शब्दप्रयोगात निरक्षरता हा रोग ठरला होताच. आता त्या रोगाचे स्थान समाजातून उचलून शेतमजुराच्या मनात नेले जाण्याचा धोका उभा राहिला. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्याचे दुःख केवळ आत्मविश्वासाच्या अभावाचे नसते. कागदात काय लिहिले आहे, हे त्याला कोणी कळू दिलेले नसते.

जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकातील शेतकरी जोडपे अखेरीस रात्रशाळेची वाट धरते, ते आपल्या मनात काही उणे आहे म्हणून नव्हे; आपण फसवले गेलो, हे उमगल्यामुळे. तेथे आत्मसन्मान शिक्षणाची पूर्वअट म्हणून येत नाही, फसवणूक ओळखण्याच्या कृतीतून तो जागा होतो.

म्हणून साहाय्यकाने ऐकावे, अवश्य ऐकावे. पण ऐकलेली तक्रार मनाची व्यथा म्हणून नोंदवून थांबू नये. समोरची पावती वाचता येऊ लागली आणि तिच्यातला आकडा खोटा निघाला, तर त्या माणसाला सांत्वनाच्या जोडीला हिशेब मागणारा सोबतीही लागतो.