ज्याचा त्याचा पडदा

इंदूरच्या पूर्वेला खजराना नावाची वस्ती आहे, तिथे आमचे घर. पत्ता सांगितला की ऐकणारा हमखास हात जोडतो, कारण खजरान्याचा गणपती नवसाला पावणारा. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेले हे देऊळ. मूर्ती विहिरीतून वर काढली असे जुने लोक सांगतात. मागच्या भिंतीवर भक्त उलटे स्वस्तिक काढून नवस बोलतात आणि इच्छा पुरी झाली की येऊन सरळ काढतात. याच खजरान्यात नाहरशाह वलींचा दर्गाही आहे. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी आमच्या रस्त्यावर पाचवारी, सलवार, बुरखा, जाळीची टोपी, कपाळभर शेंदूर असे सगळे एकाच गर्दीत चाललेले असते. कोणाचा वेष कोणाला आवडो न आवडो, दिसतोच. डोळे मिटून चालायचे म्हटले तर रिक्षा अंगावर यायची!

मुलांच्या ऑनलाइन खेळांत मात्र हे 'दिसतोच' आता सक्तीचे राहिलेले नाही, किंवा राहू नये असे पुष्कळांना वाटते. समोरच्या खेळाडूने काय घातले आहे ते आपल्याला नको असेल तर लपवता यावे, अशी मागणी आहे. मला ही गोष्ट कळली ती नातवामुळे.

नातू चौदा वर्षांचा. तो बीजीएमआय खेळतो. शंभरेक जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. हे पठ्ठे चौघांची टोळी करून उतरतात. पोशाखाने नेम सुधारत नाही की आयुष्य वाढत नाही. तरी पोरे त्यासाठी पैसे साठवतात. आमच्या चिरंजीवांनी राखीच्या ओवाळणीतून लांब कानांचा एक गुलाबी पोशाख घेतला. टोळीतल्या एका मित्राने कानात बोलून बोलून भंडावले, "क्या भिया, छोरी बन गया क्या?" झाले. तीन दिवस फोन उशाखाली.

त्या तीन दिवसांत मी त्याच्याकडून या खेळाचे पोट समजून घेतले. मला वाटायचे, सिनेमासारखे एकच चित्र सगळ्यांना दिसत असेल. तसे नाही. 'अमक्याने तमक्या क्रमांकाचा पोशाख घातला आहे' एवढाच निरोप तारेवरून येतो. चित्र रंगवतो तो ज्याचा त्याचा फोन. म्हणजे तो निरोप दुर्लक्षून फोनने साधा सदरा रंगवला, तर घालणाऱ्याच्या अंगावरचे काही उतरत नाही. त्याच्या पडद्यावर गुलाबी कान, याच्या पडद्यावर सदरा. दोघे शेजारी उभे राहून लढताहेत आणि दोघेही खरे!

मागणीमागची कारणे अगदीच पोरकट नाहीत. स्वस्त फोनला शंभर झगमगीत पोशाख रंगवताना धाप लागते. समोरचा कोण, काय करू शकेल, हे बाह्याकृतीवरून ओळखायचे तर ती भलत्याच पिसाऱ्यात बुडून चालत नाही. आणि कोणाला गंभीर युद्धाच्या गोष्टीत ससे नको असतात. (बालगंधर्वांच्या प्रेक्षकाने असले बटण मागितले असते, तर शालू आणि अत्तरांपायी कर्जात बुडालेल्या कंपनीचे काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.)

'फोर्टनाइट' या खेळात दोन्ही वाटा चोखाळून झाल्या. 2023च्या नोव्हेंबरात त्यांनी ठरवले, की लहान मुलांसाठीच्या बेटांवर काही पोशाख घालायलाच मिळणार नाहीत. ज्यांनी पैसे मोजले होते ते खवळले. 2024च्या एप्रिलमध्ये दुसरा प्रश्न निघाला: हरलेल्याला खिजवणारे चार अंगविक्षेप. ते करायला बंदी घातली नाही. ज्याला बघायचे नाहीत त्याने आपल्या पडद्यापुरते बंद करावेत, अशी सोय दिली. मला हा दुसरा मार्ग अधिक सभ्य वाटतो. सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. दुसऱ्याची पाटी न वाचता पुढे जाणे वेगळे आणि तिला डांबर फासणे वेगळे.

एवढ्यावर माझे मत पक्के झाले असते. पण मध्ये आई आठवली. आई सणावाराला महेश्वरी साडी नेसून देवळात जायची. शेजारच्या घरातल्या बाई बुरख्यातल्या. कित्येक वर्षे दोघींत 'नमस्ते' आणि 'सलाम' यांपलीकडे शब्द नव्हता. एके दिवशी त्या बाईंनी आईला गल्लीत थांबवले, पदराचा काठ बोटांत धरला आणि म्हणाल्या, "ये चटाई किनार है ना?" त्यांचे माहेर महेश्वरचे, वडील मागावर बसणारे. चटाई, ईंट, हीरा, चमेली – काठांची सगळी नावे त्यांना पाठ. मग दोघी उन्हात तासभर उभ्या. पुढे आईच्या आजारपणात रात्री उशाशी बसल्या त्या याच. आईची साडी लपवून तिथे साधे पांढरे कापड रंगवणारे यंत्र त्यांच्या डोळ्यांवर असते, तर?

म्हणून मी नातवाला माझा तोडगा सांगितला. म्हटले, बटण असावे, पण परक्यांपुरते. शंभरातल्या ज्यांची ओळखदेख नाही त्यांना खुशाल सदरे चढवा. आपल्या चौघांत मात्र पडदा नको. मित्राने मित्र आहे तसा बघावा.

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "उलटं, आबा. अनोळखी लोक बघू देत की. ते दोन मिनिटांत मरतात नाहीतर मला मारतात, बोलत कोणी नाही. चिडवतात ते ओळखीचेच. बटण पाहिजे ते त्यांच्यासाठी."

"पण मग त्याने तुला लपवलंय हे तुला कळणार कसं?"

"कळायला कशाला पाहिजे?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण त्यालाच विचारीन एकदा. दिसतोय का म्हणून."

चौथ्या दिवशी फोन उशाखालून निघाला. मी चष्मा लावून मागे उभा राहिलो. चौघे विमानात बसले होते. तिघांच्या अंगावर लष्करी हिरवे आणि एकाचे गुलाबी कान दाराबाहेरच्या वाऱ्यात फडफडत होते. हेडफोनमधून तो मित्र काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आले नाही. नातू हसला, की नुसते ओठ हलवले, हेही पाठमोरे कळेना. मग त्याने उडी टाकली.