ऊब नव्हे, कोरडा रस्ता

बारमाही सायकल चालवता यावी म्हणून उत्तर युरोपातले कित्येक जण स्पेनच्या कोस्टा ब्लांका किनाऱ्यावर घर करतात. कारण विचारलं, तर ऊब सांगतात. मला ते अर्धंच पटतं. नुसती ऊब तर कोकणातही आहे. पण रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. कोस्टा ब्लांकावरच्या अलिकांते शहरात वर्षभरात जेमतेम ३०० मिलिमीटर. जानेवारीत दुपारी तिथं सतराएक अंश तापमान असतं. पातळ जर्सी, हातांवर बाह्या आणि उतारासाठी खिशात विंडचीटर, एवढं पुरतं. व्यावसायिक संघ हिवाळी सरावाला याच किनाऱ्यावरच्या काल्पे गावी येतात ते याच कोरड्या डांबरासाठी आणि किनाऱ्यापासून फार लांब नसलेल्या कोल दे रातेससारख्या घाटांसाठी.

कुणी म्हणेल, फिनलंडच्या ओउलूत लोक बर्फातही सायकल चालवतातच की! खरं आहे, पण ते शाळेला-कामाला जाण्याचं जवळचं अंतर, तेही निगा राखलेल्या स्वतंत्र मार्गांवरून. अरुंद टायरवर शंभर किलोमीटर जाणाऱ्याला उतारावरचा न दिसणारा बर्फ थेट इस्पितळात पोचवतो. दुसरा आक्षेप उन्हाळ्याचा, आणि तो रास्त आहे: ऑगस्टमध्ये अलिकांतेत पारा तिशी ओलांडतो, पहाटेच निघावं लागतं. म्हणून जानेवारीवर भाळून घर घेऊ नका. आधी एक ऑगस्ट भाड्यानं राहा, मग ठरवा.