फियानो, ग्रेको आणि कारिकान्ते

मुंबई-पुण्यातल्या बऱ्यापैकी हॉटेलात इटालियन व्हाइट वाइन मागितली, की बहुतेक वेळा पिनो ग्रिज्योच पुढ्यात येते. ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्समधल्या बरगंडीची. इटलीच्या ईशान्येला ती रुजली, जगभर खपली आणि इटलीची ओळखच होऊन बसली. वाईट नाही, पण तिच्यावरून इटलीची पारख करू नये. त्रेब्बियानो तोस्कानोवरून तर नकोच. ती पिकते भरघोस, चवीला मात्र बेताची. फ्रान्समध्ये हीच जात उन्यी ब्लां या नावाने कोन्याकसाठी भट्टीवर चढते. ती तिथेच शोभते, असं माझं मत.

वाइन चाखणं आणि चाखायला शिकवणं हा माझा व्यवसाय. वर्गात एक समज हमखास भेटतो: थंड उत्तरेची वाइन तरतरीत, उष्ण दक्षिणेची जड. उन्हाने द्राक्षातली साखर चढते आणि आंबटपणा उतरतो, हे खरंच आहे. नाशिकला ऊन तापायच्या आत तोडणी उरकतात ती त्याचसाठी. मग नेपल्सच्या बाजूची वाइन तर अगदीच मिळमिळीत असायला हवी!

पण नेपल्सहून पूर्वेला डोंगरात शिरलं की इर्पिनिया लागतं. अवेल्लिनो हे तिथलं मुख्य शहर. हिवाळ्यात इथे बर्फ पडतो, ऐन उन्हाळ्यातही रात्री गार असतात. फियानो आणि ग्रेको या इथल्या द्राक्षाच्या जाती सावकाश पिकतात. तोडणीला अनेकदा ऑक्टोबर उजाडतो. दिवसाच्या उन्हात साखर भरते. द्राक्षातलं मॅलिक आम्ल मात्र गार रात्रींमुळे लवकर खर्ची पडत नाही. नकाशावरचे अक्षांश पाहून वाइन ओळखणाऱ्यांना इथली समुद्रसपाटीपासूनची उंची चकवते.

ग्रेको तुफो गावाच्या आसपासची. तिथे गंधकाची खाण होती आणि तो गंधक वाइनमध्ये उतरतो, असं हौसेने सांगितलं जातं. मला ते पटत नाही. ग्रेकोचा रंग गडद, तोंडात किंचित तुरट पकड. तळलेल्या बोंबलांबरोबर मी दुसरी कुठली वाइन मागवणार नाही.

फियानोचं प्रकरण निराळं. कोवळी असताना ती फारसं बोलत नाही; पेअर, थोडी फुलं, बस्स. चार-सहा वर्षांनी मात्र हेझलनट, मध आणि धुराचा वास यायला लागतो. उत्पन्न कमी, म्हणून शेतकऱ्यांनी तिच्या जागी भरपूर पिकणाऱ्या जाती लावल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जवळजवळ विस्मरणात गेली होती. आत्रिपाल्दा गावच्या अंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो यांनी हट्टाने या जुन्या जाती राखल्या. फियानो दी अवेल्लिनो आणि ग्रेको दी तुफो या दोन्ही वाइनना २००३ मध्ये डीओसीजी हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला.

आणखी दक्षिणेला, सिसिलीत, एटना ज्वालामुखीच्या उतारावर कारिकान्ते आहे. तिच्या बागा ९०० मीटरच्या आसपास चढल्या आहेत. पूर्वेकडच्या मीलो गावी खाली समुद्र आणि वर भरपूर पाऊस. एटना बियान्को सुपिरियोरे हे नाव फक्त याच गावच्या वाइनला लावता येतं. चव सांगायची तर लिंबाची साल, मीठ आणि दात आंबवील इतका आंबटपणा. माझ्या मते, सध्या इटलीतली सर्वांत रसरशीत पांढरी वाइन हीच.

उत्तरेकडे घ्यायचीच तर व्हेरोनाजवळची सोआवे घ्या, गार्गानेगा द्राक्षाची. लेबलवर ‘क्लासिको’ लिहिलेलं पाहा. हा शब्द जुन्या, मूळ भागातल्या वाइनलाच वापरता येतो.

फियानो मिळाली तर बर्फाच्या बादलीत तासभर बुडवून ठेवू नका. १० ते १२ अंशांवर प्या, नाहीतर सुगंधावर पाणी सोडावं लागेल. मुरवायची असेल तर वाइनसाठीचा फ्रिज हवा. आपल्या मे महिन्यात उघड्या फडताळातली बाटली टिकत नाही.