सुफेन पाण्याची बिअर

शालेय रसायनशास्त्राने मराठीला दिलेले 'सुफेन' आणि 'दुष्फेन' हे शब्द आम्हा उभयतांना फार प्रिय आहेत. साबणाला सहज फेस येतो ते पाणी सुफेन, येत नाही ते दुष्फेन. आम्ही खानदेशातले, बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, हे आमच्या स्वयंपाकघराचे जुने दुःख. त्यामुळे अमेरिकेतील मेन राज्यात राहणारा आमचा भाचा आपल्या विहिरीचे पाणी फारच मृदू असल्याची तक्रार करू लागला, तेव्हा ती आम्हाला श्रीमंतांची तक्रार वाटली.

भाचा घरी बिअर आंबवतो. (तिकडे ते कायदेशीर आहे, इकडे परवान्यावाचून नाही, हे सांगून ठेवलेले बरे.) माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, गरम पाण्यात भिजवला की त्यातील फॉस्फेटांशी पाण्यातील कॅल्शियमचा संयोग होतो आणि मिश्रणाची आम्लता वाढते. सामू ५.२ ते ५.६ च्या दरम्यान आला की पिष्टाची साखर नीट होते. भाच्याच्या विहिरीत कॅल्शियम नावापुरतेच. म्हणून तो जिप्सम घालतो. १० लिटरला १ ग्रॅम घातले की लिटरमागे सुमारे २३ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ५६ मिलिग्रॅम सल्फेट वाढते. सल्फेटाने हॉप्सच्या कडूपणाला धार येते.

हे जिप्सम मूळचे इंग्लंडातील बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींतले. १८२० च्या दशकात हे गाव हिंदुस्थानात पाठवायच्या फिकट बिअरच्या व्यापारात उतरले आणि त्याने लंडनला मागे टाकले. पुढे इतर गावचे बिअरवाले आपापल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले. या क्रियेला 'बर्टनीकरण' असे नावही मिळाले. एका गावचे पाणी प्रमाण ठरले, असे भाचा म्हणाला मात्र, आम्हा मराठीच्या अध्यापकांचे कान टवकारले गेले.

परंतु १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन माणसाने बोहेमियातील पिल्झेन येथे जी सोनेरी लागर केली, ती तिथल्या अतिशय सुफेन पाण्यातच. अशा पाण्यात अल्कता कमी असते; त्यामुळे फिकट माल्टची आम्लता मारली जात नाही. तिथे जिप्सम घातले तर हॉप्सचा सौम्य कडूपणा बोचरा होतो. भाचा अशा बिअरसाठी चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड घालतो आणि पाण्याला फारसे छेडत नाही.

त्याने आमच्यापुढे दोन्ही ग्लास ठेवले. "मामी, आधी तुम्ही," म्हणाला. मामींनी पिल्झेनच्या बाजूने कौल दिला. मामा बर्टनवादी निघाले. विमानात हा वाद बिअर सोडून वर्गात शिरला. एकाचे म्हणणे, मुलांना पुढे परीक्षा द्यायच्या आहेत, नोकऱ्या मिळवायच्या आहेत. थोडे जिप्सम लागतेच. दुसरीचे म्हणणे, आधी त्या पाण्यात काय चांगले होते ते तरी पाहा.

प्रथम वर्षाच्या एका निबंधात 'मुलगी' ऐवजी अहिराणीतला 'आंडेर' आला आहे. त्याखाली लाल रेघ ओढायची की नाही, यावर आमचे अद्याप एकमत नाही. वही टेबलावर तशीच पडून आहे.