घराला सुटलेला घाम

आमच्याकडं ओल म्हटली की पावसाळा. कल्याण-डोंबिवलीत जुन्या घरात राहणाऱ्याला भिंतीचे पोपडे, लोणा, बुरशीचा वास हे काही नवं नाही. पण पौषात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, निजायच्या खोलीतल्या खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळतं, चौकटीखाली साचतं नि छताला डाग पडतो, तेव्हा माणूस बावचळतो. आमच्या घरात तेच झालं. पोरगा म्हणला, "बाबा, घर संपलं आता. बिल्डरला देऊन टाकू." त्यात धाकट्या नातवाची छाती थंडीत घरघरायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, घरात बुरशी आहे का? घर ठेवायचं का पाडायचं, हे त्या काचेवरच्या पाण्यावर येऊन ठेपलं.

मिस्त्री आला. पत्रा गळतो, वरून डांबर मारा, म्हणाला. मी म्हटलं, "पाऊस कवाच गेला, मग गळतंय काय?" त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर नातीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात निघालं. 'उष्णता' या धड्यात दवबिंदू आहे. हवेत पाणी वाफेच्या रूपात असतं. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत ते जास्तीत जास्त २३ ग्रॅम मावतं, १५ अंशांवर १३ ग्रॅमच. उरलेलं कुठं जाणार? जी वस्तू सगळ्यात गार, तिच्यावर बसणार. आमच्याकडं थंडीत काही रात्री पारा १२-१३ वर उतरतो. तेव्हा घरात सगळ्यात गार काय, तर काच, तिची अॅल्युमिनियमची चौकट आणि उघड्या आभाळाखालचा पत्रा. शेतात पडतं ते दहिवर नि हे काचेवरचं पाणी, दोन्ही एकच.

मग घरात एवढी वाफ आली कुठून? आपलीच. माणूस रातभरात श्वास आणि घाम मिळून पाव लिटरच्या वर पाणी हवेत सोडतो. एका खोलीत चौघं निजली की लिटरभर झालं. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन निघतं, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरातून बावीसेक लिटर! वर आतल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे.

आजाच्या वेळी चूल होती, माणसंही जास्त होती, पण घराला घाम नव्हता. कारवीचा कुड, त्यावर शेणमाती. ती ओल पिऊन घ्यायची, दुपारी सोडून द्यायची. वर कौलं, त्यांच्या फटीतून धूर नि वाफ दोन्ही जायची. खिडकीला लाकडी गज नि झडप, काच नाहीच. २६ जुलै २००५ च्या पुरात तो कुड बसला. सागाचे खांब तेवढे उभे राहिले. मग गावात सगळ्यांनी केलं तेच आम्हीही केलं. विटा, सिमेंट, वर ऑइलपेंट, पत्रा, खाली प्लायचं छत, सरकत्या काचा. दरवर्षीची शाकारणी सुटली, डासही कमी झाले. पण घराचं नाक बंद झालं.

खात्री करायला एक रात्र खिडकी दोन बोटं उघडी ठेवली. सकाळी काच जवळजवळ कोरडी. दुसऱ्या रात्री बंद ठेवली, पुन्हा धारा. पोरानं दोन्ही सकाळी स्वतः हात फिरवून पाहिलं.

मग जाळी बसवली, फट कायम ठेवली. प्लायच्या छताच्या दोन्ही टोकांना, पाख्याखाली, वारा खेळेल अशी झरोके पाडली. कपडे ओटीवर गेले. रांधताना भांड्यावर झाकण नि मागचं दार उघडं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं. मागं काळी बुरशी होती, तोंडाला फडकं बांधून ओल्या कपड्यानं पुसली. निजायच्या खोलीचा ऑइलपेंट खरवडून चुना दिला. चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. तरी काचेवर पाणी दिसलं तर बायको सकाळी पुसते नि फडकं बाहेर वाळत घालते, आत नाही.

एक सांगून ठेवतो. पायथ्यापासून वर चढणारी, लोणा फुटलेली ओल वेगळी. ती जमिनीतून येते, तिला खिडकी उघडून काही होत नाही. काचेवर, कोपऱ्यात, कपाटामागं थंडीतच दिसते ती ही आपल्या श्वासाची.

नातवाची छाती औषधानं नि कोरड्या खोलीनं यंदा बरी आहे. पोरगा बिल्डरचं नाव अजून काढतो, पण "घर संपलं" म्हणत नाही. जागेला भाव आला म्हणून द्यायचं असलं तर ते तसं बोलू. त्याचं खापर काचेवरच्या पाण्यावर नको. त्याच दहिवरावर घरामागं भातानंतरचा वाल उभा आहे, शेंगा भरायला आल्यात.