गवती चहातलं सोनं

ऑफिसच्या मशीनचा पाणचट चहा पिऊन कंटाळला असाल, तर आमच्या रत्नागिरीत या. इथे आधण ठेवलं की कुणीतरी परसात पळतंच, गवती चहाची दोन पाती तोडायला. किंमत? शून्य! पण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी याच पात्यांचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला आणि त्यातून सोन्याचे अतिसूक्ष्म त्रिकोण तयार झाले. २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये ते संशोधन छापून आलं.

दागिन्यांसाठी उपयोग नाही हं! पण मला या त्रिकोणांमध्ये इंटरेस्ट आहे, तो काकांमुळे.

एका जुलैत, लावणीच्या दिवसांत, काकांना सणकून ताप भरला. आमच्याकडे पावसाळ्यातला ताप म्हटलं की पहिली शंका लेप्टोची. उंदरांच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात आणि तिथून पायांच्या भेगांमधून अंगात, असा त्याचा प्रवास. तिसऱ्या दिवशी टेस्ट केली. निगेटिव्ह! आम्ही हुश्श केलं. डॉक्टरांनी मात्र अँटिबायोटिक सुरूच ठेवलं. ''ही टेस्ट जंतू शोधत नाही, त्यांच्याशी लढणाऱ्या अँटिबॉडीज शोधते. त्या दिसायला पाच-सात दिवस लागतात,'' ते म्हणाले. आठवड्यानं पुन्हा टेस्ट, आणि पॉझिटिव्ह. डॉक्टर पहिल्या रिपोर्टवर विसंबले असते तर? हा विचार आजही झोप उडवतो.

खरं तर जंतू सुरुवातीपासूनच रक्तात असतात, पण थोडे. पीसीआर त्यांना पकडते, पण त्याला मशीन हवं, ट्रेन्ड माणूस हवा. दुसरा मार्ग म्हणजे जंतूच्या रेणूला चमकणारा रंग चिकटवायचा. पण मूठभर रेणूंचा उजेड तो केवढा! इथे सोनं कामाला येतं. धातूच्या सूक्ष्म कणावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन एकत्र डुलायला लागतात आणि कणाच्या टोकांपाशी प्रकाश एकवटतो. तिथे रंगाचा रेणू असला की तो कितीतरी जास्त चमकतो. अट एकच, अंतराची! अगदी चिकटला तर धातू त्याचा उजेड गिळून टाकतो, लांब गेला तर फायदा नाही. लग्नानंतर आईबाबांच्याच सोसायटीत, पण वेगळ्या विंगमध्ये राहावं ना, तसं!

२००९ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सोन्याचे दोन त्रिकोण टोकासमोर टोक ठेवून एका रेणूचा उजेड १३४० पटींपर्यंत वाढवून दाखवला. अर्थात ते त्रिकोण गवतातून आलेले नव्हते, महागड्या यंत्रांनी घडवलेले होते. तिथून गावच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. पण सोन्याचे कण आपल्या घरात कधीच पोचलेत. प्रेग्नन्सी टेस्टवरची ती लालसर रेघ आठवा, बहुतेकदा ती त्यांचीच असते. रेघ पोचली, तसा एक दिवस उजेडही पोचेल.

तोवर पावसाळ्यात गावी जाऊन शेतात उतरणार असाल, तर गमबूट घाला. आणि ताप आलाच, तर नुसतं 'निगेटिव्ह' वाचून आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका.