सल्ल्याचे किती झाले?

मराठी माणूस काहीही मागू शकतो. शेजाऱ्यांकडे विरजण मागेल, मित्राची गाडी मागेल, गणपतीची वर्गणी तर हक्कानं मागेल. पण स्वतःच्या कामाचे पैसे मागायची वेळ आली की त्याचा आवाज एकदम खाली येतो. ‘तुम्हाला काय द्यायचं ते द्या हो,’ असं तो म्हणतो. आणि समोरचाही खरोखरच त्याला काय द्यायचं तेवढंच देतो!

माझी तर त्याहून पंचाईत. कारण मी सल्ला विकते. तोही करिअरचा. म्हणजे जी गोष्ट आपल्याकडे रिक्षावाल्यापासून लग्नात भेटलेल्या लांबच्या काकांपर्यंत सगळे फुकट देतात, आणि न मागता देतात, तिचे मी पैसे घेते.

आधी थोडं बॅकग्राउंड. अकरा वर्षं मी पुण्यातल्या आयटी कंपन्यांत रिक्रूटमेंट केली. रेझ्युमे किती वाचले याची गणतीच नाही. माणूस का नाकारला जातो हे मला आतून दिसायचं, आणि ते कारण त्या माणसाला कुणीच सांगत नाही हेही दिसायचं. ‘आम्ही कळवतो’ म्हणायचं आणि फोन ठेवायचा, ही आमची रीत. २०२३ मध्ये नोकरी सोडली तेव्हा एवढंच ठरवलं होतं, की हे न सांगितलेलं सांगायचं. प्रॉडक्ट अगदी साधं. तुमचा रेझ्युमे मी आधी नीट वाचणार, मग आपण नव्वद मिनिटं बसणार, त्यात एक मॉक इंटरव्ह्यू होणार आणि दोन दिवसांत तुम्हाला एक पान लेखी मिळणार. तुमचं कुठे अडतंय आणि पुढचे तीन महिने काय करायचं, ते त्यावर. बस्स.

हाताशी आठ महिन्यांची बचत होती. डोक्यावर बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता, त्यातला माझा वाटा ३१ हजार. नवऱ्याचं म्हणणं, ‘बघ करून.’ आणि बाबांचं? त्यांची अख्खी हयात बँकेत गेलेली. ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, ‘अगं, सल्ला द्यायचा असतो. विकायचा नसतो.’

फुकट ते पौष्टिक?

पहिला प्रश्न अर्थातच, फी किती? इथे सल्ल्यांचा पाऊस पडला. (तेही फुकट!) एक मैत्रीण म्हणाली, पहिल्या पन्नास जणांना मोफत दे, नाव होईल. एक जुना सहकारी म्हणाला, ४९९ ठेव, लोक विचार न करता पैसे भरतात. तिसऱ्याचा फंडा आणखी सॉलिड होता. पंचवीस हजारांचं ‘प्रीमियम’ पॅकेज काढ, महाग म्हटलं की लोक चांगलंच समजतात.

‘फुकट ते पौष्टिक’ ही आपली लाडकी म्हण. पण ऑफिसमधल्या मोफत ट्रेनिंगला नावं किती येतात आणि खुर्च्यांवर माणसं किती दिसतात, हे कुठल्याही एचआरवाल्याला विचारा. माझ्या सेशननंतर खरं काम समोरच्यालाच करायचं असतं. रेझ्युमे पुन्हा लिहायचा, जुन्या बॉसला फोन करायचा, तीच उत्तरं दहा वेळा मोठ्यानं म्हणायची. खिशातून काहीच गेलं नसेल, तर हा गृहपाठ कोण करणार?

मग मी एक जुनी पद्धत वापरली. पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प नावाच्या डच अर्थतज्ज्ञानं १९७६ मध्ये ती मांडली. ‘किती द्याल?’ असं सरळ विचारायचंच नाही. चार प्रश्न विचारायचे. कुठली किंमत ऐकून वाटेल की स्वस्तात मस्त काम झालं? कुठली महाग वाटेल, पण तरी विचार कराल? कुठली इतकी महाग, की विषयच संपला? आणि शेवटचा, सगळ्यात मजेदार. कुठली किंमत इतकी कमी, की मालाचीच शंका येईल?

ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या बावीस जणांना हे विचारलं. बहुतेकांना पाच हजारांच्या वर ‘वेडी आहेस का’ वाटत होतं, ते अपेक्षितच होतं. पण पाचशेच्या खाली त्यांना चक्क संशय येत होता. एक जण म्हणाला, ‘एवढ्यात करतेय म्हणजे नक्की नंतर कोर्स विकणार.’ ४९९चा निकाल तिथेच लागला.

मग वही काढली. वाचायला एक तास, सेशनचा दीड, लेखी पानाला एक. एका माणसामागे साडेतीन तास. महिन्याला चोवीस जण धरले तर चौऱ्याऐंशी तास, आणि उरलेला वेळ गिऱ्हाईक शोधण्यात, फोन घेण्यात आणि चिंता करण्यात. महिन्याला साठ हजार मिळाले तर घर चालतं. साठ हजार भागिले चोवीस, अडीच हजार. वर्षाची उलाढाल सव्वासात लाखांच्या आत, म्हणजे सेवांसाठी असलेल्या वीस लाखांच्या जीएसटी मर्यादेपासून पुष्कळ लांब. अठरा टक्के वर चढवायची भानगड नाही.

२,५०० ठरले. २,४९९ नाही. बाटा प्राइस चपलेला शोभते, सल्ल्याला नाही. फ्रेशर्सना मात्र अडीच हजार जड जातात, म्हणून सहा जणांचा एक गट, दर डोई पाचशे. गटाला मला थोडे जास्तच मिळतात आणि पोरं एकमेकांच्या चुकांवरून शिकतात.

पण तू कोण?

आकडा ठरवणं हे एका दुपारचं काम. खरं टेन्शन पुढे होतं. तुळशीबागेत आपण कानातल्यांचा भाव करतो, पण चितळ्यांकडे बाकरवडीचा भाव केल्याचं कधी ऐकलंय? नाही ना! कारण पुडीत काय आहे ते घ्यायच्या आधीच माहीत असतं. माझ्या पुडीत काय आहे हे कुणाला माहीत होतं?

या दुखण्यावर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं उदाहरण होतं जुन्या गाड्यांचं. गाडी चांगली की डबडं, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सगळ्यांनाच मधलाच कुठला तरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून उठतो आणि मागे उरतात डबडी. करिअर सल्ल्याचा बाजार अगदी असाच आहे, बॉस! फोटो सगळ्यांचे हसरे, शब्द सगळ्यांचे तेच, ‘तुमचं आयुष्य बदला’ सगळ्यांच्याच बॅनरवर.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? नोबेलमधला अ‍ॅकरलॉफचा एक जोडीदार, मायकल स्पेन्स, त्यानं १९७३ मध्ये उत्तर दिलं होतं. खूण अशी हवी, की ती दाखवणं खोट्या माणसाला परवडू नये. हे मी शिकाऊ वयात वाचलं होतं, पण अर्थ आत्ता कळला. ‘मी उत्तम आहे’ म्हणायला काहीच पडत नाही, म्हणून त्याला किंमतही नाही. काही सोडावं लागलं, तरच लोकांना ते दिसतं.

मी तीन गोष्टी सोडल्या. पहिली, पैसे परतीची अट. सेशनच्या पहिल्या वीस मिनिटांत नवं काहीच मिळालं नाही असं वाटलं, तर उठायचं आणि अडीच हजार परत घ्यायचे. कारण विचारणार नाही. काहीतरी थातूरमातूर सांगणाऱ्याला ही अट महिनाभरात बुडवेल.

दुसरी, ताजं कौतुक. सेशन संपल्या संपल्या कुणीही ‘मस्त झालं, मॅम!’ म्हणतं. म्हणून सुरुवातीच्या पाच जणांकडून निम्मी फी घेतली आणि सांगितलं, अभिप्राय आज नको, तीन महिन्यांनी लिहा, आणि उपयोग झाला नसेल तर तेच लिहा. पाचातल्या एकीनं खरंच लिहिलं, ‘मॉक इंटरव्ह्यू चांगला होता, पण पगाराच्या वाटाघाटीवर फारसं काही मिळालं नाही.’ ते मी जसंच्या तसं ठेवलं. नंतरच्या कितीतरी लोकांनी फोनवर पहिला उल्लेख त्याच ओळीचा केला!

तिसरी, कंपन्यांचे पैसे. ज्या कन्सल्टंटमार्फत कंपनी माणूस घेते, त्याला ती कमिशन देते. आपल्याकडे बऱ्याचदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे महिन्याचा पगार. माझ्या ओळखी पाहता हा धंदा सोपा होता. पण तिकडून पैसे घेतले, की ‘ही ऑफर घेऊ का?’ या प्रश्नाचं माझं उत्तर कुणाच्या बाजूचं? तेव्हा फी एकाच बाजूनं. समोर बसलेल्याच्या.

गॅरंटी द्या ना, मॅडम

सगळं कागदावर छान दिसतं. पहिल्या पावसाळ्यात एका महिन्यात फक्त सात सेशन्स झाली. साडेसतरा हजार. हप्त्यालासुद्धा पुरले नाहीत. त्याच महिन्यात एक गृहस्थ आले. वय बेचाळीस, पंधरा वर्षांचा अनुभव, चार महिन्यांपूर्वी लेऑफ. मुलगी आठवीत. घरी अजून सांगितलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि लायब्ररीत बसायचे.

ते म्हणाले, ‘अडीच हजार राहू द्या. मी पन्नास हजार देतो, नोकरी लागल्यावर. पण तुम्ही गॅरंटी द्या ना, मॅडम.’

पन्नास हजार. खरं सांगते, हिशेबाची वही डोळ्यांसमोर आली. दिसायला हा व्यवहार प्रामाणिकही वाटतो, कारण काम झालं तरच पैसे. पण उलगडून बघा. नोकरी लागल्यावरच मला पैसे मिळणार असतील, तर मला घाई कशाची? त्यांना पहिली मिळेल ती नोकरी लागण्याची. पगार निम्मा असो, कंपनी डगमगती असो, ‘घेऊन टाका’ म्हणण्यात माझा फायदा. आणि नोकरी द्यायची की नाही हे ठरवणारा माणूस तर तिसराच, माझ्या हातात नसलेला. जे माझ्या हातात नाही ते मी विकायचं, तेही घाबरलेल्या माणसाला?

मी नाही म्हटलं. अडीच हजारांत काय मिळेल ते सांगितलं. ते उठले, ‘विचार करतो’ म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. पुढचे दोन महिने बचत मोडली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंग क्लासेसच्या फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची, नोकरीची खोटी हमी नको आणि यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती हवी. त्यांच्या व्याख्येत समुपदेशन येत नाही, म्हणजे मला ती थेट लागू नाहीत. तरी प्रिंट काढून टेबलासमोर लावली आहेत. गॅरंटी मागणाऱ्याला आता मी फक्त तिकडे बोट दाखवते.

आता महिन्याला वीस-बावीस सेशन्स होतात. श्रीमंत झाले नाही, हप्ता जातो. बहुतेक लोक आधीच्या कुणीतरी सांगितलं म्हणून येतात. मार्केटिंगमधल्या किंवा बँकेतल्या माणसाला मी सरळ सांगते, तुमचं क्षेत्र मला आतून माहीत नाही, पैसे वाया घालवू नका. गंमत म्हणजे हेच लोक नंतर आयटीतल्या भावाला, वहिनीला पाठवतात.

आणि बाबा? मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मुलाला ‘जरा ताईला भेट’ म्हणून पिटाळलं. तो वर आला तेव्हा बाबांनीच दार उघडलं. आतून मला ऐकू आलं, ‘बस हो. पण फी अडीच हजार आहे, आधीच सांगून ठेवतो.’

तुम्हीही काही सुरू करायच्या बेतात असाल, शिकवण्या, डिझाइनची कामं, डाएटचा सल्ला, काहीही, तर दोन याद्या करा. एकीत तुमचे तास आणि खर्च. दुसरीत तुम्ही कुठल्याही परिस्थितीत काय करणार नाही ते. दुसरी आधी लिहा, खात्यात पैसे असताना. रिकाम्या खात्यानं ती लिहिली जात नाही.

आणि फी सांगताना आवाज खाली आणू नका. आकडा सांगा आणि गप्प बसा. ते गप्प बसणंच सगळ्यात अवघड असतं, करून बघा!